कानांत बोटं घातलेलं पुस्तक

त्याला मुखपृष्ठ नाही. पाठ कधीतरी उसवली होती, ती कुणीतरी गोणी शिवायच्या दाभणानं जाड दोरा ओवून पुन्हा शिवली आहे. अंगावर खाकी कागदाचं कव्हर आणि त्यावर निळ्या बॉलपेननं एकच शब्द : 'यात्रिक'. छापखाना, साल, किंमत सांगणारी पानं केव्हाच गळाली, पण गोष्ट सुरू होते तिथून पुढं सगळं शाबूत आहे. वाळवी एका कोपऱ्यातून आत शिरली होती, ती चार-पाच पानं खाऊन परत फिरली. त्या पानांवर उपदेश आहे. राक्षसांची पानं माणसांनीच झिजवली आहेत. त्यांच्या कडा तेलकट, मऊ, जुन्या नोटेसारख्या झाल्यात.

करमाळा तालुक्यातल्या जेऊरला ते आलं नर्सबाईंबरोबर. नर्सबाई मूळच्या नगरकडच्या. नोकरीत गावोगाव फिरल्या, निवृत्तीनंतर इथं स्थिरावल्या. पुस्तक त्यांच्या आजीचं. कपाटात बायबलशेजारी त्याची जागा ठरलेली आहे, पण त्या जागी ते क्वचितच सापडतं. मागेल त्याला बाई देऊन टाकतात. परत कधी, असं विचारत नाहीत. "जाऊ द्या, त्याला चालायची सवय आहे," म्हणतात.

खरं आहे ते. बसणं त्याच्या स्वभावातच नाही. पहिल्या पानावर एक माणूस उभा आहे : फाटके कपडे, पाठीवर भलंमोठं ओझं, हातात पुस्तक. ते वाचता वाचता तो थरथरायला लागतो, कारण आपलं शहर आकाशातल्या आगीनं जळून जाणार, असं त्या पुस्तकात लिहिलेलं आहे. बायकोला सांगतो, मुलांना सांगतो. त्यांना वाटतं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. झोपला की उतरेल. तो उतरत नाही. एक दिवस घराबाहेर पडतो, बायकापोरं हाका मारत राहतात, आणि हा दोन्ही कानांत बोटं घालून, चिरंतन जीवन, चिरंतन जीवन असं ओरडत मैदानातून पळत सुटतो. मागं वळूनसुद्धा बघत नाही.

हा ख्रिश्चन. पुस्तक जॉन बन्यनचं, 'द पिलग्रिम्स प्रोग्रेस'. इंग्लंडात १६७८ साली छापलं गेलं. मराठीत ते १८४१ साली आलं, हरी केशवजींनी आणलं, 'यात्रिकक्रमण' या नावानं. पहिली मराठी कादंबरी मानल्या जाणाऱ्या बाबा पद्मनजींच्या 'यमुनापर्यटना'च्या सोळा वर्षं आधी. म्हणजे मराठीत कादंबरी नावाचं काही जन्माला यायच्या आधीच हे गृहस्थ ओझं पाठीवर घेऊन आपल्या उंबऱ्याशी येऊन उभे होते. हरी केशवजींनी विज्ञानाची, अर्थव्यवहाराची पुस्तकंही मराठीत आणली. ज्या हातानं वायू आणि द्रव्यं समजावली, त्याच हातानं नरकाचं दारही उघडून दाखवलं.

नरकाचं दार हे मी उगाच लिहीत नाही. हल्ली मुलं ज्याला डार्क फँटसी म्हणतात, तिचं सगळं सामान या पुस्तकात साडेतीनशे वर्षांपूर्वीच भरलेलं आहे. अपोल्लुओन नावाचा एक आहे : अंगाला माशाचे खवले, पंख ड्रॅगनचे, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, पोटातून आग आणि धूर. तो वाटेत पाय फाकून उभा राहतो आणि अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ लढाई चालते. ख्रिश्चनच्या अंगावर चिलखत आहे, पण पाठीला काहीच नाही. पळालास तर मेलास, अशी ती शिवण. त्यानंतर मृत्यूच्या छायेची दरी. एका बाजूला खोल खंदक, दुसऱ्या बाजूला दलदल, मधे पाऊल मावेल एवढीच वाट, अंधार, आणि वाटेच्या कडेलाच नरकाचं उघडं तोंड. पुढं संशयाचा किल्ला, तिथला दैत्य, त्याच्या अंगणात आधीच्या यात्रेकरूंची हाडं.

माझ्या शेजारची नववीतली मुलगी हे सगळं एका रात्रीत वाचून सकाळी पुस्तक परत घेऊन आली. तिचं मत तयारच होतं. "काका, हा गेमच आहे. प्रत्येक लेव्हलला एक बॉस. मधे मधे एक घर येतं, तिथं हत्यारं मिळतात, जेवण मिळतं. फक्त हे लोक बोलतात फार." बोलतात त्या पानांचं काय केलंस, विचारलं तर म्हणाली, "स्किप केली." तिला ठाऊक नाही, पण ती फार जुन्या परंपरेत बसली. इंग्लंड-अमेरिकेतल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांनी हे पुस्तक असंच वाचलंय : धर्मचर्चेवरून उडी मारायची आणि अपोल्लुओनवर उतरायचं. रविवारी घरात दुसरं काही वाचायची मुभा नसायची, तेव्हा हे चालायचं. आईबापांना वाटायचं मूल धर्मग्रंथ वाचतंय, आणि मूल राक्षसाच्या पोटातला धूर बघत असायचं.

मला विचाराल तर या पुस्तकातला खरा अंधार दरीतल्या एका छोट्या प्रसंगात आहे, आणि त्यात एकही राक्षस धड दिसत नाही. अंधारात चाचपडत जाताना एक पिशाच्च ख्रिश्चनच्या पाठीमागून हळूच येतं आणि त्याच्या कानात देवाची निंदा पुटपुटतं. एवढं हलकं, की ख्रिश्चनला वाटतं हे आपलंच मन बोलतंय. ज्याच्यावर आपला एवढा जीव, त्यालाच आपण शिव्या देतोय, या विचारानं तो अपोल्लुओनच्या वारांपेक्षा जास्त खचतो. बन्यननं हे कुठून आणलं ते त्याच्या आत्मवृत्तात आहे. तरुणपणी त्याच्या स्वतःच्या डोक्यात असे आवाज महिनोन्‌महिने घुमत होते. भांडी सांधत फिरणारा हा माणूस, शाळा जेमतेम, पण आपला आवाज कुठं संपतो आणि दुसऱ्याचा कुठं सुरू होतो हे न कळण्याची भीती त्यानं जशी लिहिलीय तशी पुढं भयकथांचे कारखाने काढणाऱ्यांनाही फारशी साधली नाही.

आमच्याकडं मात्र राक्षसांचा दबदबा बसला नाही. जेऊरच्या माणसाला दहा तोंडांचा रावण दसऱ्याला भेटतो, गरुडपुराणातल्या कढया दहाव्या-तेराव्याला ऐकू येतात, वेताळ तर वेशीवरच. खवल्यांचा अपोल्लुओन इथं नवखा पाहुणा. एका निवृत्त गुरुजींनी तर गुहेच्या प्रसंगावर मनापासून हसून घेतलं. दरीच्या टोकाला एका गुहेत पूर्वी दोन राक्षस राहायचे, एक पोप आणि दुसरा पेगन, म्हणजे मूर्तिपूजक. पोप आता म्हातारा झालाय, नखं चावत बसतो. आणि पेगन तर मरून बरेच दिवस झाले, असं बन्यन सांगून टाकतो. "मेला म्हणे!" गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "आणि आमच्या रावगावच्या रस्त्यानं आषाढात येतात ते कोण?" गुरुजींना राग आलेला नव्हता. परगावच्या माणसानं आपल्या गावाविषयी काही तरी ठोकून दिलं की येतं तसं ते हसू होतं.

राग आला तो पहिल्या पानाचा. आणि तो आला बायकांना.

पुस्तक आमच्या आळीतल्या एका मावशींकडं गेलं होतं. केळीच्या बागेत मजुरीला जातात, वाचनाची गोडी जबर, मिळेल ते वाचतात. दोन-चार पानांतच त्यांनी ते मिटलं आणि नर्सबाईंच्या ओट्यावर आणून ठेवलं. "बाई, गाव जळणार हे ह्याला कळलं. मग पोरं काखंत मारून पळावं का नाही? कानांत बोटं घालून पळतंय! आन म्हणं देव भेटला." नर्सबाई काही बोलायला गेल्या, तर मावशी पुढं म्हणाल्या, "आन ती चार पोरं कुणी संभाळली? ते लिवलंय का कुठं?"

गंमत म्हणजे हाच प्रश्न या पुस्तकाला जन्मल्या दिवसापासून छळत आलाय. मार्क ट्वेनच्या हकलबरी फिनला एका घरात हे पुस्तक सापडतं, तेव्हा त्याच्या ध्यानात राहतं ते एवढंच की कुणी एक माणूस घरदार सोडून गेला आणि का गेला ते काही लिहिलेलं नाही. हक स्वतः घर सोडून पळालेला पोरगा. त्यालाही ते खटकलं. बन्यनच्या हयातीतही खटकलं असणार, कारण त्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्यानं एक प्रसंग नवा घातला. वाटेतल्या एका घरात चॅरिटी नावाची बाई ख्रिश्चनला सरळ विचारते : बायकामुलांना का नाही आणलंस? तो रडतो. विनवण्या केल्या, येईनात, म्हणतो. उत्तर पटण्यासारखं आहे की नाही ते बाजूला ठेवा. लेखकाला ते छापून द्यावं लागलं, यातच काय ते आलं.

आणि बन्यनची स्वतःची गोष्ट या पानाच्या मागं उभी आहे. १६६० मध्ये परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून त्याला बेडफर्डच्या तुरुंगात घातलं. 'यापुढं प्रवचन करणार नाही' एवढं म्हटलं असतं तर घरी जाता आलं असतं. तो म्हणाला नाही आणि बारा वर्षं आत राहिला. घरी दुसरी बायको एलिझाबेथ, पहिलीची चार मुलं, त्यातली थोरली मेरी आंधळी. एलिझाबेथ न्यायाधीशांपुढं जाऊन भांडली, काही उपयोग झाला नाही. बन्यन तुरुंगात बुटांच्या नाड्या बनवून घर चालवायला हातभार लावत होता. त्या मुलीच्या आठवणीनं काळीज कसं तुटायचं ते त्यानं लिहून ठेवलंय. तेव्हा कानांत घातलेली बोटं कुठल्या दगडाच्या माणसाची नव्हती. हाका ऐकू येत होत्या, म्हणूनच बोटं घालावी लागली.

हे मी मावशींना सांगितलं. "मग तर आणखीच वंगाळ," त्या म्हणाल्या.

१८४१ साली मुंबईत हे पुस्तक मराठीत आलं तेव्हा ते कुणी कल्पित म्हणून वाचलं असेल, असं मला वाटत नाही. दोनच वर्षं झाली होती : १८३९ मध्ये मिशनरी जॉन विल्सनच्या शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, शाळा ओस पडली. आणि दोन वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यामागून मिशनच्या घरी गेला, कोर्टानं त्याला बापाच्या स्वाधीन केलं, आणि मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर शहर दुभंगलं. बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूनं उभे राहिले आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. म्हणजे पोरगं हातात एक पुस्तक घेतं, वाचता वाचता गप्प गप्प होतं, आणि एक दिवस आईच्या हाका मागं टाकून चालू लागतं : मुंबईच्या किती तरी घरांत हे पहिलं पान छापण्याआधीच घडत होतं, किंवा उद्या घडेल या धास्तीनं माजघरात कुजबुजलं जात होतं. अपोल्लुओनची गरजच काय? त्या आईबापांच्या लेखी या पुस्तकातलं सगळ्यात भयानक चित्र म्हणजे घराबाहेर पडलेला मुलगा. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्येच विल्सनशी वाद घालून 'हिंदुधर्मस्थापना' छापली होती. मिशनच्या पुस्तकांना प्रत्युत्तरं छापून द्यायची रीत तेव्हापासूनची. पण त्या प्रत्युत्तरांत मागं राहिलेल्या माउलीचा प्रश्न कुठंच येत नाही. तिथं पुरुष पुरुषांशी शास्त्रावर भांडतात.

त्या आयांच्या वतीनं बोलायला मराठीला आणखी नव्वद वर्षं थांबावं लागलं. लक्ष्मीबाई टिळक बोलल्या.

त्यांचे पती नारायण वामन टिळक यांच्या हातीही पुस्तक असंच आलं होतं. रेल्वेच्या डब्यात, राजनांदगावच्या वाटेवर, एका अनोळखी गोऱ्या माणसानं नवा करार दिला. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई मागं राहिल्या. आकांत केला, पंढरपूरला नातलगांच्या आधारानं राहिल्या, सोवळं सांभाळलं, पत्रं लिहिली, पत्रं फाडली. मग आपल्या चालीनं, आपल्या भांडणांसकट त्या नवऱ्यापाशी पोचल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतःचा बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या शब्दावर नव्हे. पुढं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिलं. मला ते पुस्तक नेहमी 'यात्रिकक्रमणा'चं मराठी उत्तर वाटतं. तिथं पहिल्यांदा कळतं की तो कानांत बोटं घालून पळाला त्या दिवशी चुलीवर काय होतं.

बन्यनलाही अखेर उत्तर द्यावं लागलंच. कुणा टी. एस. नावाच्या माणसानं १६८२ मध्ये त्याच्या पुस्तकाचा परस्परच दुसरा भाग काढला. बन्यन चिडला असावा. १६८४ मध्ये त्यानं स्वतःचा दुसरा भाग आणला, आणि त्यात यात्रेला निघते ती ख्रिश्चनची बायको. नाव ख्रिस्तियाना. बरोबर चारही मुलं, आणि शेजारची मर्सी नावाची पोरगी, जी नुसती पोचवायला म्हणून आली आणि पुढंच चालत राहिली. नर्सबाईंच्या प्रतीत हा भाग नाही. मी तो आधी वाचला होता, म्हणून मावशींना तोंडी सांगितला, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी दिंडीचं वर्णन करतोय.

सांगतो कसं ते. पहिल्या भागात एकटा माणूस, फार तर एक सोबती. दुसऱ्या भागात वाटेवर माणसं वाढतच जातात. पुढं ग्रेटहार्ट नावाचा रखवालदार. मागं एक म्हातारा. एक दुबळ्या मनाचा, सगळ्याला भिणारा. एक कुबड्या घेतलेला. एक कायम खिन्न बाप आणि त्याची मुलगी. पोरं वाटेत नको ती फळं खातात, पोट दुखतं, वैद्य येतो, जुलाबाचं देतो. मुक्कामाच्या घरी लग्नं लागतात. आणि ज्या किल्ल्यात ख्रिश्चनला मार खावा लागला तो किल्ला यातले काही जण मिळून पाडतात, दैत्याचं मुंडकं उडवतात, आणि मग तो कुबड्यावाला एका हातात कुबडी धरून त्या खिन्न माणसाच्या मुलीबरोबर नाचतो. फुगडीच ती. मावशी पहिल्यांदा हसल्या. "हे बरं हाय. हे पयल्यांदा छापायचं सोडून ते कशाला छापलं?"

जेऊरमध्ये बसून हे वाचणाऱ्याला एकट्या यात्रेकरूचं कोडं उलगडत नाही, त्याचं कारण रस्त्यावरच आहे. त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी नगर जिल्हा ओलांडून करमाळा तालुक्यात शिरते, जेऊरला येते आणि कंदरच्या वाटेनं पंढरपूरकडं जाते. इथल्या पोरांनी यात्रा म्हणून जे काही पाहिलंय त्यात पाण्याचे टँकर आहेत, भाकरीची चवड आहे, पायाला तेल चोळणारे हात आहेत, आणि पेरणी उरकून, म्हातारीच्या औषधाची सोय लावून, धाकट्याला घरी ठेवून आलेली माणसं आहेत. दर वर्षी जातात आणि परत येतात, ही त्यातली मोठी गोष्ट. ख्रिश्चन परत येत नाही. नदी ओलांडून सोन्याच्या नगरात शिरतो आणि संपलं. टिळकांना हा फरक नेमका कळला होता. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणायचे, आणि देवळात गायला त्यांनी अभंग आणि भजनं लिहिली. ओझं घेऊन एकट्यानं धावण्याऐवजी टाळ घेऊन चारचौघांत चालणं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

इतर मुलखांत या पुस्तकाचं कसं काय झालं, तेही थोडं. मादागास्करच्या राणी रानावालोनानं ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली तेव्हा तिथल्या लोकांनी हे पुस्तक लपवून, हातानं नकला करून वाचलं. जीव मुठीत घेऊन पळणाऱ्यांना ख्रिश्चन हा आपलाच भाऊबंद वाटला. चीनमध्ये ताइपिंग बंडाचा म्होरक्या होंग शियुच्वान याचं ते आवडतं पुस्तक. त्यानं त्यातून काय घेतलं आणि त्यापायी किती माणसं मेली तो वेगळा विषय. ज्याचं घर कुणी दुसऱ्यानं मोडलंय त्याला हे पुस्तक लगेच आपलं म्हणतं. ज्याचं घर अजून उभं आहे तो चिडतो.

घर मोडलेली माणसं जेऊरच्या आसपास थोडी नाहीत. उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं, भीमेचं पाणी मागं मागं सरकत आलं आणि करमाळा तालुक्यातली कितीतरी गावठाणं त्यात गेली. आज त्याच पाण्यावर ऊस आणि केळी उभी आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्याची माणसं येतात. अशाच एका बुडालेल्या गावचे एक आजोबा स्टेशनाकडं नातवाच्या दुकानात बसलेले असतात. डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून नातवानं त्यांना पुस्तक वाचून दाखवलं. गाव नाश पावणार हे आधीच कळलेल्या माणसाविषयी त्यांना काय वाटतं, याची मला फार उत्सुकता होती. आजोबा शांतपणे म्हणाले, "कळलं तर आमाला बी हुतं. पर इश्वास कुणी ठिवला? म्हातारी माणसं म्हनत हुती, भीमा एवडी वर चढत न्हाई." म्हणजे ख्रिश्चनच्या बायकोची बाजू! ती मूर्ख नव्हती, ज्या गावात जन्म काढला ते गाव बुडेल असं तिला वाटलं नाही, एवढंच. मग आजोबांनी जोडलं : "आमी निगालो तवा देव काढून संगं आणला. मारुती. ह्यानं काय आणलं?" नातू म्हणाला, "ओझं."

हे ओझं नर्सबाईंच्या जिव्हाळ्याचं. आम्ही सगळे राक्षसांवर आणि बायकोवर बोलत बसलो होतो, तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की त्यांच्या घरात हे पुस्तक कुणी भीती घ्यायला उघडलंच नाही. आजी संध्याकाळी वाचून दाखवायची आणि एका ठिकाणी हमखास थांबायची : टेकडीवर क्रूस आहे, ख्रिश्चन तिथवर चढतो आणि पाठीवरचं ओझं आपोआप सुटून गडगडत खाली जातं, थडग्याच्या तोंडात पडतं आणि दिसेनासं होतं. त्यानं काहीच केलेलं नसतं. गाठ सोडलेली नसते, झटका दिलेला नसतो. आजी तिथं पुस्तक मांडीवर ठेवून खांदे मागं-पुढं करून बघायची. दिवसभर पाणी वाहिलेले खांदे. "तुम्ही भुतं मोजता," नर्सबाई म्हणाल्या, "आम्ही त्या पानाची वाट बघायचो."

मला वाटतं, बाहेरच्या वाचकाला या पुस्तकाचं जे कळत नाही ते इथं आहे. अंधाराची पानं सगळ्यांना वाचता येतात, त्याला धर्म लागत नाही. ओझं पडतं ते पान मात्र ज्याच्या पाठीवर तेच ओझं आहे त्यालाच पुरतं वाचता येतं. आम्ही बाकीचे तिथून सभ्यपणे पुढं सरकलो.

एका पानावर मात्र सगळेच थांबले. संशयाच्या किल्ल्यातला दैत्य कैद्यांना झोडपून काढतो आणि रात्री मिळालेल्या बायकोच्या सल्ल्यानं सकाळी त्यांना सांगतो : सुटका नाही, तेव्हा सुरी, दोर किंवा विष, यातलं काही तरी घ्या आणि स्वतःच संपवा. ख्रिश्चन त्यावर खरोखर विचार करायला लागतो. केळीचा भाव पडलेल्या वर्षी एका बागायतदाराकडं पुस्तक होतं. त्यानं तिथं बोट घालून ते माझ्यापुढं धरलं आणि विचारलं, "हे कधीचं म्हणला?" सोळाशे अठ्ठ्याहत्तर, म्हटलं. तो काही बोलला नाही. पुस्तक त्याच्याकडं बरेच दिवस राहिलं. परत दिलं तेव्हा म्हणाला, किल्ली त्या येड्याच्या खिशातच होती की पहिल्यापासून. होती खरी. ख्रिश्चनला तिची आठवण फार उशिरा होते.

पुस्तकाचा शेवट मात्र कुणालाच आवडला नाही. स्वतः नर्सबाईंनासुद्धा. ख्रिश्चन आणि त्याचा सोबती नदी पार करतात, तुताऱ्या वाजतात, सोन्याचे रस्ते, वीणा, सगळं यथासांग होतं. तिथंच थांबावं की नाही? हे थांबत नाही. मागून इग्नोरन्स नावाचा एक पोरगा चालत येतो. भला आहे, गप्पिष्ट आहे, फक्त मधल्याच एका वाटेनं रस्त्याला लागलेला. तोही नदी ओलांडतो, तोही दारापर्यंत पोचतो. तिथं त्याच्याकडं दाखला मागतात. ख्रिश्चनला क्रूसापाशी मोहोर असलेली गुंडाळी मिळाली होती, ती त्यानं दारात दिली. हा खिशात चाचपतो. काही नाही. राजाच्या हुकमावरून त्याचे हातपाय बांधतात आणि डोंगराच्या कडेला असलेल्या एका दारातून त्याला नरकात लोटून देतात. स्वर्गाच्या दाराशीही नरकाची एक वाट असते, एवढं सांगून बन्यनचं स्वप्न मोडतं.

गुरुजींना हे अजिबात पटलं नाही. "एवढं चालत आला तो! आपल्याकडं आत जायला नाही मिळालं तर कळसाचं दर्शन तरी होतं. हात जोडला, झालं. चाललेलं वाया जात नाही." नर्सबाई म्हणाल्या, नुसतं चालून होत नाही, गुरुजी, तो आला त्या वाटेवर क्रूस लागलाच नव्हता, त्याचं ओझं उतरलंच नव्हतं. गुरुजी म्हणाले, उतरवून घ्यायचं मग दारात. दोघं हा वाद बराच वेळ घोळवत राहिले.

आजोबा ऐकत होते. नातवाला त्यांनी पुन्हा विचारून घेतलं : म्हणजे सगळं झाल्यावर दारात कागद मागितला, आणि नव्हता म्हणून हाकलला? नातू हो म्हणाला. घरातल्या ट्रंकेत अजून प्लास्टिकच्या पिशवीत असलेला धरणग्रस्ताचा दाखला आणि त्यासाठी करमाळ्याच्या, सोलापूरच्या कचेऱ्यांत घातलेले हेलपाटे आजोबांना आठवले असतील तर नवल नाही. ते खो खो हसायला लागले.

"आरं, मग येवढं मरून जाऊन उपेग काय? तितं बी तलाठीच बसलाय की!"